कोबा वाळायच्या आधी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की आजोबा नक्की काय काम करायचे. मी म्हटले, कोल्ड स्टोरेज बांधायचे. धाकटी म्हणाली, म्हणजे खूप मोठा फ्रिज, आणि तिच्यापुरता विषय संपला. थोरल्याने मात्र दुसरेच विचारले. आजोबांना एक भाऊ होता ना, मग बाबाच्या लग्नाच्या एकाही फोटोत तो कसा नाही? त्यावर तुमच्या बाबाने घाईघाईने पुण्यात थंडी पडली का ते विचारायला सुरुवात केली. त्याचा दोष नाही. दोघे भाऊ सोळा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत एवढे त्याला ठाऊक आहे, आणि त्याचे जे कारण त्याला सांगितले गेले ते खरे नाही. खरे कारण मी आहे. ते लिहून ठेवावे म्हणून आज बसले आहे.

इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते. पण यातली सगळी माणसे मराठीत बोलली, आणि कोण काय बोलले यावरच सगळे अवलंबून आहे. आईकडून वाचून घ्या.

माझे लग्न झाले तेव्हा तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ आठवीत होता. सासरे आधीच गेले होते. घरात सासूबाई, हे आणि भावजी. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे भावजींचा इंग्रजीचा अभ्यास आपोआप माझ्याकडे आला. त्यांचे निबंध मी तपासत असे. अक्षर सुरेख, पण वेग असा की परीक्षेत शेवटचे दोन प्रश्न नेहमी राहायचे. सगळ्यातच सावकाश. ते अंघोळीला शिरले की सासूबाई म्हणायच्या, आता पाणी जायची वेळ झाली म्हणून समजा. ह्यांना त्यांचा फार लळा होता आणि तो ते टोमणे मारूनच दाखवत. वडील नव्हते, त्यामुळे भावजींना दादा म्हणजे शेवटचा शब्द. दादा म्हणाला की झाले.

पुढे ह्यांनी नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले. बिबवेवाडीत आम्ही फ्लॅट घेतला आणि तिथून चालत दहा मिनिटांवर, मार्केट यार्डाच्या अंगाला, पत्र्याची एक शेड. भावजी डिप्लोमा करून त्याच शेडमध्ये आले. ह्यांनी आकडेमोड आणि नकाशे करायचे, भावजींनी साइटवर उभे राहून काम करून घ्यायचे, आणि मी पत्रव्यवहार, टेंडरची कागदपत्रे आणि वेळापत्रक सांभाळायचे, अशी वाटणी झाली. वेळापत्रक हा माझा अभिमानाचा विषय होता. आलेखाच्या मोठ्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक दिवस. भिंतींचे काम लाल पेन्सिलीने, मशीनचे निळ्या, जमिनीचे हिरव्या. तो कागद शेडच्या भिंतीवर लावलेला असे, आणि फिटर लोक त्याला वहिनींचं पंचांग म्हणत.

आता तुमच्या मोठ्या फ्रिजबद्दल. भिंतीत आणि छपरात थर्माकोलचे जाड थर असतात हे खरे, पण सगळ्यात अवघड असते ती जमीन. खाली थर्माकोल, त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद, त्यावर काँक्रीटचा कोबा. कोबा ओतला की त्यात पाणी असतेच. ते पाणी हवेत निघून जाईपर्यंत थांबायचे. मग मशीन सुरू करून गारवा रोज थोडा थोडा वाढवायचा, आणि शून्याच्या जरासे वर आणून पुन्हा थांबायचे, उरलेले पाणी निघेपर्यंत. पाणी कोब्यात असताना शून्याखाली गेलात तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, आणि कोबा उकलतो. हा नियम मला तोंडपाठ होता. ह्यांनी सांगितला होता आणि मीच तो टाइप केला होता.

आमची सुरुवातीची सगळी कामे देशावरची. कुठे बटाट्यांसाठी, कुठे द्राक्षांसाठी. इथली हवा कोरडी. दोरीवर टाकलेला टॉवेल दोन तासांत पापडासारखा होतो. कोबा पंधरा दिवसांत वाळायचा, म्हणून माझ्या कागदावर हिरवे चौकोन पंधरा. प्रत्येक नव्या कामाचा कागद मी जुन्यावरून उतरवून घेई, आणि पंधराचे कधी सोळा करावे लागले नव्हते.

मग बाजार खुला झाला. एरवी शांत असणारा आमचा फोन वाजू लागला. परदेशी माल पाठवायचा तर तो गार ठेवायला जागा हवी, हे एकाएकी सगळ्यांच्या लक्षात आले. दक्षिणेकडच्या एका बंदराच्या शहरातून कोळंबी बाहेर पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याचे पत्र आले. उणे वीस अंशांची चार मोठी गोदामे. एवढे मोठे काम आम्ही कधी केले नव्हते, आणि समुद्राकाठी तर कोणतेच केले नव्हते. त्या शहराचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे अजून आहेत.

भावजी तिथे आठ महिने राहिले. त्यांचे लग्न होऊन वर्षच झाले होते, जाऊ आमच्याजवळ बिबवेवाडीलाच होती. ती अकोल्याकडची. तिला समुद्र ठाऊक नव्हता, म्हणून भावजी तिला पत्रात तिथल्या हवेचे वर्णन लिहायचे आणि ती ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची. मिठाच्या बरणीत पाणी होते. वहीची पाने ओलसर लागतात, पेन उमटत नाही. शर्ट धुऊन तीन दिवस झाले, आणि तो वाळला आहे की नाही यावर खोलीतल्या दोघांचे एकमत होत नाही. आम्ही हसायचो. सासूबाई म्हणायच्या, याला आणखी एक निमित्त मिळालं उशीर करायला.

त्या साली श्रावण लागला आणि दुसऱ्या आठवड्यात ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. सकाळी शेडवर जायला बूट घालताना. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की पंधरा दिवस तरी कामाचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही. मी शिस्तीची बाई. काढला नाही. शेडचे सगळे निर्णय माझ्याकडे आले, आणि मला ते जमतील याविषयी मला शंका नव्हती. खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले होते.

भावजींना मी झटक्याचे सांगितले, पण सौम्य करून. ते यायला निघाले होते, मीच थांबवले. काम सोडून आलात तर त्यांना जास्त काळजी लागेल, म्हटले. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी शेडवर त्यांचा फोन आला, बंदराजवळच्या एसटीडी बूथवरून. आधी दादाचे विचारले. मग म्हणाले, "वहिनी, कोबा वाळलेला नाही. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवतो, दुसऱ्या दिवशी उचलला की खालून थेंब. रोज तेच."

मी विचारले, किती दिवस झाले. पंधरा, म्हणाले.

"मग चार्टप्रमाणे झालं की."

"चार्ट पुण्याचा आहे वहिनी. हवा इथली आहे."

अजून दोन आठवडे लागतील, तीनही लागतील, असे त्यांचे म्हणणे. दादाला विचारा, एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला. उद्या अकराला परत करणार होते.

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले. हिरवे चौकोन संपत होते आणि उद्यापासून निळे सुरू होत होते. शेवटचा निळा चौकोन अनंत चतुर्दशीच्या आधी दोन दिवस येत होता. त्या दिवशी माल आत जायचा होता, कारण नंतरचा पंधरवडा पितरांचा. व्यापारी आमच्यासारखाच पंचांग बघणारा, त्याने तो दिवस स्वतः ठरवून पत्रिका छापल्या होत्या. दोन आठवडे पुढे ढकलायचे तर माल ऐन पितृपक्षात आत जाणार, म्हणजे व्यापारी नाही म्हणणार, म्हणजे थेट नवरात्र. तोवर मासेमारीच्या हंगामाचा भर ओसरायला लागणार. आणि घरी सासूबाई. मुलगा दवाखान्यात, आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या कामाची सुरुवात पितृपक्षात. त्यांनी अन्न सोडले असते.

ही सगळी कारणे खरी होती. पण ती नंतर जुळवलेली आहेत. त्या क्षणी माझ्या मनात एकच आले, की भावजींचे हे नेहमीचेच. परीक्षेत दोन प्रश्न राहिले तेव्हाही त्यांना पेपर लांबलचक वाटला होता.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. ह्यांनी विचारले, त्याचा फोन होता का? मी म्हटले होता, सगळे वेळेवर चालले आहे. कोब्याचे विचारले नाही. डॉक्टरांनी मनाई केली होती ना.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. मी म्हटले, "विचारलं. ते म्हणाले, मशीन सुरू करा."

मग भावजी म्हणाले, "दादा असं म्हणाला?"

"हो."

"ओल्या कोब्यावर?"

"भावजी, किती वेळा सांगायचं? म्हणाले म्हणजे म्हणाले."

"बरं. दादा म्हणाला असेल तर करतो."

मी निळी पेन्सिल घेऊन पहिला चौकोन भरला.

इथवर जे झाले त्याला मी मूर्खपणा म्हणू शकले असते. गारवा रोज थोडाच वाढवायचा असल्याने शून्यापर्यंत पोचायला बरेच दिवस होते, आणि शून्याच्या वर असेपर्यंत काहीही बिघडत नाही. नुसते थांबायचे. आठव्या-नवव्या दिवशीची गोष्ट. मी ह्यांना मोसंबी सोलून देत होते. घरी सोडायचे दुसऱ्या दिवशी ठरले होते, त्यामुळे ते खुशीत होते. ते आपणहून म्हणाले, "त्याला घाई करायला लावू नकोस हं. गाढव सावकाश चालतं, पण खड्ड्यात पडत नाही. कोबा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. म्हणाला थांबू, तर थांबायचं."

माझ्या हातातली फोड हातातच राहिली. मी म्हटले, बरं.

घरी जायच्या आधी शेडवर गेले आणि बंदराच्या बूथवर फोन लावला. बूथवाल्याला मोडके हिंदी यायचे. तो म्हणाला, पुणेवाले साहेब आत्ताच साइटवर गेले, काही निरोप आहे का? त्या वेळी गोदाम सहा अंशांवर होते. 'थांबा' एवढा एक शब्द ठेवायचा होता. पण तो शब्द ठेवला तर भावजी परत फोन करणार, दादा आधी सुरू करा म्हणाला आणि आता थांबा का म्हणतोय ते विचारणार, आणि उद्यापासून दादा घरी असणार, फोनजवळ. मी म्हटले, निरोप नाही, मी उद्या करते. दुसऱ्या दिवशी ह्यांना घरी आणले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारीपाजारी आले. फोन राहिला. तिसऱ्या दिवशीही राहिला. नंतर तो करण्यात अर्थ राहिला नाही.

माल ठरल्या दिवशी आत गेला. भावजी परत आले ते वाळलेले, काळवंडलेले. दादाच्या पायांशी बसून त्याचे पाय चेपत राहिले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात कामाची चर्चा नव्हती, त्यामुळे त्या दोघांत कोब्याचा विषय निघालाच नाही. भावजींना वाटत होते दादाला सगळे माहीत आहे. ह्यांना वाटत होते भावाने थांबून केले असणार. मी दोघांच्या मध्ये चहा ठेवत होते.

दिवाळी झाली आणि व्यापाऱ्याचा फॅक्स आला. दरवाजे लागत नाहीत, जमीन वर आली आहे.

डॉक्टरांनी ह्यांना प्रवासाची परवानगी दिली ती मी बरोबर जाईन या अटीवर. भावजी पुढे गेले होते. मार्गशीर्ष होता, पुण्यात शाली निघाल्या होत्या, आणि तिथे स्टेशनवर उतरताच साडी अंगाला चिकटली. गोदामात शिरण्यासाठी मात्र पुण्याहून स्वेटर नेले होते. त्या दमट उन्हात घामेजल्या अंगावर स्वेटर चढवून आम्ही आत गेलो. माल दुसरीकडे हलवला होता. रिकामे, पांढरे, प्रचंड. आणि मधोमध जमिनीला पोट सुटल्यासारखा उंचवटा. कोब्याला हात मावेल एवढ्या भेगा, त्यांत काचेसारखा बर्फ. दाराखालची जमीन उचलली गेल्याने दार अर्धवट उघडे, आणि तिथून बाहेरची दमट हवा आत येऊन छताला बर्फाच्या दाढ्या लोंबत होत्या. चारपैकी तीन गोदामे अशी.

ह्यांनी खाली वाकून भेगेत बोट घातले. मग उभे राहिले. आमचे पाच फिटर होते, व्यापारी होता, त्याचा मुनीम होता. ह्यांनी विचारले, "हा ओला होता. कोणी सांगितलं तुला मशीन चालू करायला?"

भावजींनी आधी दादाकडे पाहिले. त्या प्रश्नाचा अर्थ त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत गेलेला मला दिसला. सगळ्यातच सावकाश. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून उभी होते. त्यांनी नजर काढून घेतली.

"कोणी नाही दादा. मीच केलं."

"का?"

"वाटलं, वाळला."

तुमच्या आजोबांची जीभ पुण्याची. तशी ती घरात कितीतरी वेळा ऐकलेली, पण त्या दिवशी तिला धार होती. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अंघोळीला दोन तास लावणारा माणूस. त्याला जन्मात एकदाच घाई झाली, ती इथे."

एक फिटर हसला. सवयीने हसला, घरातली थट्टा त्यांच्याही ओळखीची होती. भावजीही थोडे हसले. व्यापाऱ्याला मराठी कळत नव्हते.

मी तेव्हाच का बोलले नाही, हे तुम्ही विचाराल. ह्यांच्या हृदयाची काळजी होती, हे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले. होतीच. पण त्यांच्या हृदयाला माझ्या खोट्याने जास्त धक्का बसला असता की भावाच्या चुकीने, हे मी तोलून पाहिले नव्हते. मी फक्त गप्प बसले, आणि दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिले म्हणून मला सुटल्यासारखे झाले.

परतीच्या गाडीत ह्यांनी भावजींना एकच वाक्य सांगितले. शेडवर येऊ नकोस. भावजी शेडवर आले नाहीत. महिन्याभरात ते आणि जाऊ विश्रांतवाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे त्यांनी फ्रिज आणि एसी दुरुस्तीचे दुकान काढले. मोठी गोदामे उभी करणारा माणूस लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून फ्रिजच्या मागची धूळ झाडायचा. आम्ही त्या बंदरातली तीन गोदामे पुन्हा बांधून दिली. या वेळी ह्यांनी कोब्याला पन्नास दिवस दिले. धंदा तगला. पुढे शहराबाहेर काचेच्या इमारती उठल्या, संगणकाच्या कंपन्यांना गार हवा लागायला लागली, आणि ह्यांनी तीही कामे केली. त्यातल्याच एका इमारतीत तुमचा बाबा नोकरीला लागला आणि तिथूनच तुमच्या त्या देशात गेला.

भाऊ भावाशी बोलला नाही. सासूबाईंना भेटायला भावजी दर रविवारी यायचे, हे शेडवर असताना. सासूबाई गेल्या तेव्हा दोघे शेजारी शेजारी बसून सगळे विधी करत होते, तर हे गुरुजींना म्हणायचे, त्यांना जरा पाट सरकवायला सांगा. भावजी पाट सरकवायचे. तुमच्या बाबाच्या लग्नात ते आले होते. शेवटच्या पंगतीला जेवले, मुलीच्या बापाच्या पाया पडले आणि निघून गेले. फोटोग्राफर तेव्हा जेवत होता.

मी प्रयत्न केला नाही असे नाही. ते वेगळे झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी दोन बस बदलून विश्रांतवाडीला गेले. दुकानात भावजी एकटेच होते, स्टुलावर उभे राहून पंख्याची तार जोडत होते. मी खालूनच म्हटले की मी त्यांना सगळे सांगणार आहे. ते उतरले नाहीत. तार जोडता जोडता म्हणाले, "आता नको वहिनी. दादाला दुसरा झटका परवडायचा नाही. आणि सांगून कोबा खाली बसणार आहे का?"

मला परवानगी मिळाली. बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा मला आनंद झाला होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. भावजींनी 'आता नको' म्हटले होते. मी ते 'कधीच नको' असे घेतले. ह्यांची तब्येत पुढे दहा-बारा वर्षे ठणठणीत होती. रोज पर्वती चढत होते. त्यातल्या कोणत्याही दिवशी सांगता आले असते.

शेवटच्या आजारात त्यांनी एकदा भावाचे नाव काढले. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तो असं करणारा नव्हता गं. मला अजून कळत नाही, त्याला झालं काय होतं." ते मला विचारत होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. मी त्यांच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. आठ दिवसांनी ते गेले. वैकुंठ स्मशानभूमीत भावजी लोकांच्या मागे, खांबाला टेकून उभे होते. तुमच्या बाबाने अग्नी दिला.

भावजी गेल्या वर्षी गेले. तुम्हाला तेव्हा परीक्षा होत्या, म्हणून कळवले नाही. तेरावा झाल्यावर काही दिवसांनी मी जावेकडे गेले. आता रिक्षाने जाते. तिने दार उघडले, पाणी दिले. मी पदराचे टोक हातात धरून, जसे घडले तसे, क्रमाने सांगायला सुरुवात केली. बूथवरच्या दुसऱ्या फोनपाशी आले तेव्हा ती म्हणाली, "पुढचं राहू द्या ताई. मला माहीत आहे."

मी विचारले, कधीपासून?

"तिथून आले त्याच दिवशी सांगितलं ह्यांनी. मला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. नाही बोलले. पण ह्यांना खात्री होती. म्हणायचे, वहिनी शिस्तीच्या आहेत, वेळ लागेल पण सांगतील. दर दिवाळीला बिबवेवाडीहून दादाचा फोन येईल म्हणून घरात थांबायचे. दुकान बंद ठेवून."

मी म्हटले, माझं चुकलं.

"ते मला सांगून काय करू मी," ती म्हणाली. रागाने नाही. "दादांना सांगायचं होतं."

मग कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. मी बाहेर बसून राहिले. तिने जेवूनच जा म्हटले आणि मी जेवले. वरण, भात, गवारीची भाजी. निघताना मी तिला विचारले की हे सगळे नातवंडांसाठी लिहिले तर चालेल का. ती म्हणाली, "लिहा. पण ह्यांनी चूक कबूल केली, असं लिहू नका. ह्यांनी चूक केली नव्हती."

तरी पहिल्या मसुद्यात ते वाक्य आलेच होते; ते मी काढून टाकले आहे. त्या गोदामात ते चूक कबूल करत नव्हते. कोबा ओला होता, आणि तसे त्यांनी मला वेळेवर सांगितले होते.